२,२९९ रुपयांचं 'नॉर्थ फेस': एका नकली जॅकेटची पूर्ण केस

आधी केस काय ते सांगतो. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधला ठाण्याचा एक मुलगा, सह्याद्रीत भरपूर फिरलेला पण बर्फात पहिल्यांदाच जाणारा, डिसेंबर २०२५ च्या शेवटी उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराचा ट्रेक ठरलेला. त्याने ऑनलाइन नॉर्थ फेस या अमेरिकन ब्रँडचं नुप्से नावाचं पिसांचं जॅकेट घेतलं २,२९९ रुपयांना आणि पार्सल आल्यावर ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, "दादा, हे ओरिजिनल आहे ना?" नाव लिहीत नाही, ठाणेकर म्हणूया. स्क्रीनशॉट, बिल, व्हॉट्सॲप चॅट सगळं त्याने काढून दिलं म्हणून एवढ्या तपशिलात लिहिता येतंय, एरवी लोक असलं सगळं लाजेने डिलीट करतात आणि पुढचा माणूस परत तिथेच फसतो.

उत्तर अर्थातच नाही. पण ते उत्तर जॅकेट हातात यायच्या कितीतरी आधी, पैसे भरायच्याही आधी, फोनच्या स्क्रीनवरच मिळण्यासारखं होतं. लोक विचारतात लोगो कसा ओळखायचा, टाके कसे बघायचे, आणि त्यावर शेकडो व्हिडिओ पण आहेत, पण साईटवरचे फोटो खऱ्या जॅकेटचेच चोरलेले असतात, त्यात लोगो बघून करणार काय? बघायची ती डील. जॅकेट नंतर.

आणि हो, पोरगा बिनडोक नाहीये. त्याने त्याच्या परीने चेक केलं होतं. ॲड्रेस बारमध्ये कुलूप आहे, रिव्ह्यू ४.८ आहेत, कॅश ऑन डिलिव्हरीचा ऑप्शन आहे, म्हणजे साईट जेन्युइन. या तिन्ही गोष्टींचा अर्थ त्याला वाटला तो नाही. कुलूप म्हणजे तुमच्या आणि साईटच्या मधला डेटा एन्क्रिप्ट होतोय एवढंच, पलीकडे बसलेला माणूस साव आहे की चोर ते कुलूप सांगत नाही आणि ते सर्टिफिकेट फुकटात मिळतं. रिव्ह्यू साईटवाल्याच्याच साईटवर आहेत, त्याला हवे तेवढे टाकेल. आणि कॅश ऑन डिलिव्हरीत सुद्धा बहुतेक वेळा पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता येत नाही, त्यामुळे तिथे सेफ्टी आहे हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे.

तर रील्स बघताना त्याला जाहिरात आली. काळं नुप्से, १८,९९९ वर काट मारलेली, खाली लाल अक्षरात किंमत, "वेअरहाऊस क्लोजिंग सेल", आणि उलटं चालणारं घड्याळ, ०१:५८:४० वगैरे. कॅश ऑन डिलिव्हरी २,५४९, आधी पैसे भरले तर २,२९९. नंतर आम्ही ती साईट परत उघडून बघितली तर घड्याळ पुन्हा दोन तासांवरून सुरू, पेज रिफ्रेश केलं की परत दोन तास. "आत्ता १७ लोक हे बघत आहेत" तो आकडा पण दर वेळी वेगळा. गोडाऊन गेले कित्येक आठवडे दोन तासांत बंद होतंय.

किमतीचं गणित

नुप्से हे नॉर्थ फेसचं १९९२ पासूनचं जॅकेट, एव्हरेस्टला लागून असलेल्या ७,८६१ मीटरच्या नुप्से शिखरावरून नाव घेतलेलं. आत्ता जे रेट्रो म्हणून विकलं जातं त्यात ७०० फिलचं (फिल म्हणजे पिसं किती फुगतात त्याचं माप) डाऊन असतं, म्हणजे हंसाच्या छातीवरची मऊ पिसं, आणि त्याची किंमत अमेरिकेतच तीनशे डॉलरच्या वर आहे. आपल्या पैशात २५ हजारांच्या पुढे, इकडे आणायचा टॅक्स वेगळा. सेल लागतात, नाही असं नाही, गेल्या सीझनचा रंग ३० ते ५० टक्के कमी मिळू शकतो, त्याच्याहून जास्त सूट दिसली की मी पहिल्यांदा दुकान बघतो आणि मग माल. इथे तर खऱ्या किमतीच्या दहा टक्केही नाहीत. शिवाय तो काट मारलेला १८,९९९ चा आकडा पण कुठून आणला कोणास ठाऊक, खरी किंमत त्याहून जास्त आहे, म्हणजे विकणाऱ्याने ओरिजिनलची किंमत सुद्धा बघितली नव्हती.

अजून एक साधा हिशोब. डेकॅथलॉन स्वतःचा ब्रँड स्वतःच्या दुकानात विकतं, मध्ये कोणी दलाल नाही, तरी त्यांचं पिसांचं जॅकेट २,२९९ पेक्षा महागच पडतं. कारण पिसं महाग आहेत. मग अमेरिकेतला ब्रँड, त्याचा लोगो, जास्त चांगली पिसं आणि वर घरपोच, हे सगळं त्याहून स्वस्त बसतं कसं? ठाणेकरचं यावर उत्तर होतं, "दादा मला वाटलं एक्सपोर्ट सरप्लस असेल."

हा सरप्लसचा, म्हणजे परदेशी ऑर्डरसाठी शिवून उरलेल्या मालाचा, मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक नकली माल याच नावाखाली खपतो. खरा सरप्लस असतो, फॅशन स्ट्रीटला, लिंकिंग रोडला तो वर्षानुवर्षं विकला जातोय, पण त्याची एक खूण आहे की तो तुटका असतो. मीडियम संपलेला, लार्ज संपलेला, एक्सएस आणि डबल एक्सएल पडून, रंग पण जो कोणी घेतला नाही तोच, तो विचित्र मोहरी नाहीतर जांभळा. बरेचदा ब्रँडचं लेबल कापलेलं किंवा त्यावर मार्करची रेघ मारलेली. क्लिअरन्स सेलचं पण तेच, चांगले साइझ आधी जातात. ठाणेकरच्या साईटवर काय होतं? नऊ रंग, आणि प्रत्येक रंगात एसपासून थ्री एक्सएलपर्यंत सगळे साइझ अव्हेलेबल. बंद होणाऱ्या गोडाऊनमध्ये असं कधी नसतं. माल अजूनही शिवतायत किंवा ऑर्डर आली की घाऊक बाजारातून उचलतायत तेव्हाच सगळे साइझ सगळ्या रंगांत असतात. मला विचाराल तर बाकी काही बघू नका, साइझचा ड्रॉपडाऊन उघडा, अर्धा निकाल तिथेच लागतो.

दुसरी गंमत प्रॉडक्टच्या नावात. "नुप्से वॉटरप्रूफ गोरटेक्स डाऊन जॅकेट विंडप्रूफ ३ इन १". आता साध्या रेट्रो नुप्सेत गोरटेक्स, म्हणजे पाणी अडवणारं कापड, नसतंच, ते वॉटरप्रूफ पण नाही, वरच्या कापडाला पाणी थोडा वेळ झटकून टाकणारा थर दिलेला असतो बस. आणि थ्री इन वन म्हणजे आत-बाहेर दोन सुटी होणारी जॅकेटं, तो प्रकारच वेगळा. सर्चमध्ये दिसावं म्हणून लोकांनी शोधलेले सगळे शब्द एका ओळीत कोंबलेत. कंपनी स्वतःचा माल असा विकत नाही.

साईट कोणाची

साईटचं डोमेन, म्हणजे तिचा वेब पत्ता, कधी रजिस्टर झालं हे हूइज नावाच्या ऑनलाइन नोंदीत कोणालाही फुकट बघता येतं. ठाणेकरच्या ऑर्डरच्या जेमतेम पाच आठवडे आधीचं निघालं, आणि "आमच्याविषयी" पानावर लिहिलंय की गेली १२ वर्षं ग्राहकांच्या सेवेत. डोमेनच्या नावात ब्रँडचं नाव आणि पुढे इंडिया आणि सेल असं जोडलेलं. रिटर्न पॉलिसीत एका ठिकाणी दुकानाचं नाव भरायचीच विसरलेत, टेम्प्लेटमधली मोकळी जागा तशीच. जाहिरात देणाऱ्या पेजची माहिती उघडली तर पेज आधी मोबाईल कव्हर विकत होतं, नाव नंतर बदललेलं.

मला सगळ्यात आवडलेला भाग जीएसटी नंबरचा. साईटच्या तळाला नंबर छापला होता, आणि बहुतेक लोक नंबर आहे म्हणजे कंपनी रजिस्टर्ड आहे असं समजून पुढे जातात. तो १५ आकडी-अक्षरी नंबर वाचता येतो. पहिले दोन आकडे राज्याचा कोड, महाराष्ट्र २७, गुजरात २४, हरियाणा ०६. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. साईटवर पत्ता होता गुरुग्रामचा, म्हणजे हरियाणा, आणि नंबर सुरू होत होता २४ ने. जीएसटी पोर्टलवर सर्च टॅक्सपेयर म्हणून जागा आहे, लॉगिन लागत नाही, नंबर टाकला की मालकाचं नाव, धंद्याचं नाव, कधी रजिस्टर झालं, काय विकतो ते सगळं येतं. आला गुजरातमधला एक नळ-पाइपांचा व्यापारी. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसणार की त्याच्या नंबरवर कोणीतरी जॅकेटं विकतंय.

बिल पण मेलवर आलं होतं. त्यात जीएसटी लावलेला १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांना २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे, १२ चा टप्पाच राहिला नाही. नोव्हेंबरच्या बिलावर १२ टक्के म्हणजे बिल कोणीतरी जुन्या नमुन्यावरून बनवलंय, टॅक्स भरायचा कोणाला नव्हताच.

आणि पैसे कोणाला गेले? यूपीआयने पैसे भरताना समोर नाव आलं होतं एका व्यक्तीचं, कंपनीचं नाही. स्क्रीनशॉटमध्ये स्पष्ट दिसतंय. त्याने बघितलं पण होतं म्हणे, पण घड्याळ चाललेलं होतं, एक तास बारा मिनिटं. ते घड्याळ त्यासाठीच असतं.

पार्सल

आता जॅकेट. रविवारी आम्ही भेटलो आणि मी ते नीट बघितलं. लांबून बघाल तर चांगलं आहे राव, उगाच नावं ठेवणार नाही. चेनच्या ओढणीवर वायकेके कोरलेलं, छातीवर आणि मागे खांद्यावर लोगो भरतकाम केलेला. वायकेके ही १९३४ ची जपानी कंपनी, चांगल्या जॅकेटांना तिची चेन असते हे सगळ्यांना माहितीये, म्हणून नकली चेनवर पण तेच नाव कोरतात. तेव्हा नाव असण्याला काही किंमत नाही. लोगोच्या भरतकामात अक्षराअक्षरांच्या मधून दोरा ओढलेला राहिला होता, खऱ्यात ती अक्षरं सुटी आणि स्वच्छ असतात, पण महाग नकलीत तेही नीट केलेलं असतं.

मग मी कॉलरची चेन उघडली. रेट्रो नुप्सेची टोपी कॉलरच्या आत गुंडाळून ठेवलेली असते, चेन काढली की बाहेर येते. इथे चेन होती, उघडली पण, आत काही नाही. नुसता अस्तराचा कप्पा. ज्याने कॉपी केली त्याने फोटो बघून केली, फोटोत चेन दिसते, टोपी दिसत नाही, म्हणून चेन शिवली आणि टोपी नाही. ठाणेकर पहिल्यांदा तिथे हसला.

लेबलं तर एकमेकांशीच भांडत होती. आत गळ्यापाशी ७०० असं झोकात भरलेलं, आणि कुशीच्या शिवणीतल्या धुण्याच्या लेबलवर बारीक अक्षरात भरण १०० टक्के पॉलिस्टर. म्हणजे जॅकेटने स्वतःच कबूल केलंय. अमेरिकेत विकायच्या कपड्यांवर बरेचदा आरएन नावाचा नंबर असतो, तो कोणत्या कंपनीचा हे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या साईटवर शोधता येतं, या जॅकेटवरचा नंबर भलत्याच कंपनीचा निघाला. हे मात्र लक्षात घ्या की नंबर बरोबर निघाला तर त्याने काही सिद्ध होत नाही, नंबर कॉपी करायला काय लागतं, चुकीचा निघाला तरच उपयोग. "मेड इन बांगलादेश" लिहिलंय म्हणून नकली, हे पण लोक बोलतात, त्यात तथ्य नाही, मोठमोठ्या ब्रँडांचा खरा माल बांगलादेश, व्हिएतनाम, चीनमध्येच शिवला जातो. उलट भारतात रीतसर विकायला आणलेल्या मालावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीचा नंबर असा स्टिकर लागतो, कायद्यानेच. या पिशवीवर नुसतं एल लिहिलेलं.

शेवटी त्याच्याच परवानगीने आतल्या खिशाच्या शिवणीचे दोन टाके उसवले. पांढरा पॉलिस्टरचा कापूस, सोफ्याच्या उशीत असतो तसला. ७०० फिल म्हणजे काय तर एक औंस, साधारण २८ ग्रॅम पिसं फुगून ७०० घन इंच जागा घेतात, जवळपास साडेअकरा लिटर. त्या फुगण्यात जी हवा अडकते तीच तुम्हाला गरम ठेवते, लोगो नाही. खरं नुप्से दाबून दाबून स्वतःच्याच खिशात भरता येतं. हे आम्ही दोघांनी मिळून कोंबलं तरी अर्ध्यावर चेन लागेना.

आता कोणी म्हणेल पॉलिस्टर तर पॉलिस्टर, थंडीला काय फरक पडतो. चांगलं सिंथेटिक भरण असतं, ते ओलं झालं तरी काम करतं, त्याला नाव ठेवत नाही. पण मग आपण काय घालतोय ते माहीत पाहिजे. केदारकांठा उत्तरकाशी जिल्ह्यात, माथा १२,५०० फुटांवर, सांकरीहून चढायचं, आणि माथ्यासाठी पहाटे अंधारात निघतात. डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली. चढताना घाम येतो आणि वर जाऊन थांबलं, वारा लागला की तोच घाम बर्फासारखा अंगाला लागतो, नेमकं तेव्हाच हे जॅकेट सॅकमधून काढून घालायचं असतं. तिथे गळ्यापाशी लिहिलेल्या ७०० वर भरवसा ठेवून खालचा फ्लीस, म्हणजे आत घालायचा उबदार थर, घरी ठेवून आलेला माणूस हायपोथर्मियाच्या, म्हणजे अंग धोकादायक गार पडण्याच्या, वाटेवर असतो. ठाणेकर तेच करणार होता, सॅकचं वजन कमी व्हावं म्हणून.

काठमांडूच्या थामेलमध्ये सगळी गल्ली भरून नकली नॉर्थ फेस टांगलेलं असतं, आपले एव्हरेस्ट बेस कॅम्पवाले तिथून भरपूर आणतात. ब्रँडच्या दृष्टीने ती पण चोरीच, पण तिथे दुकानदार स्वतःच सांगतो की कॉपी आहे, तुम्ही हाताने दाबून, घालून, भाव करून घेता. इथे ओरिजिनल म्हणून पैसे घेतले. मला हा फरक मोठा वाटतो, कोणाला वाटणार नाही.

पैशाचं काय झालं

ठाणेकरने व्हॉट्सॲपवर कळवलं की माल नकली आहे, परत घ्या. दोन दिवस काही नाही, मग उत्तर आलं, "सर तुम्ही आमचे खास ग्राहक आहात, जॅकेट ठेवा, आम्ही ३०० परत देतो." नाही म्हटल्यावर ५००. मग ७००. हा ठरलेला खेळ आहे. तुम्ही थोडे पैसे घेऊन ठीक आहे लिहिलंत की तुमची तक्रार मिटली असा तो मेसेज पुढे दाखवता येतो. मी त्याला म्हटलं एक रुपया घेऊ नकोस, आणि चॅटमध्ये परतीचा पत्ता माग. पत्ता शेवटपर्यंत आला नाही, मग ब्लॉक.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायचं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत. यातलं काहीच त्या साईटवर नव्हतं, आणि हे पण ऑर्डरच्या आधी दोन मिनिटांत दिसणारं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवली. १९३० चा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसे पुढे सरकायच्या आत होल्ड होऊ शकतात. इथे पार्सल यायलाच दिवस गेले, तोपर्यंत ते खातं रिकामं झालं असणार. असल्या साईटी पार्सल पाठवतात ते बहुतेक याचसाठी, काहीतरी हातात पडेपर्यंत माणूस गप्प बसतो.

क्रेडिट कार्डने भरले असते तर जरा बरं झालं असतं. बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, व्हिसाच्या नियमांत तर नकली मालासाठी वेगळा कोडच आहे, १३.४. यूपीआयने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे परत आणणं फार कठीण. म्हणजे आधी भरलं तर २५० रुपये कमी, ही सूट कशासाठी होती ते कळलं असेल.

कायदा कडक आहे बरं का. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४, नकली ब्रँड लावला किंवा विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पण पकडायला माणूस सापडला पाहिजे, आणि २,२९९ च्या एका तक्रारीसाठी कोणी गुरुग्रामच्या खोट्या पत्त्यावर जाणार नाही. त्याच खात्यावर बऱ्याच तक्रारी जमल्या तर खातं गोठतं, म्हणून पैसे येणार नाहीत हे माहीत असूनही नोंदवायची.

ट्रेकसाठी त्याने नवीन काही घेतलं नाही. सांकरीत जॅकेट भाड्याने मिळतात, तिथून एक घेतलं, आत थर्मल आणि फ्लीस, नीट जाऊन आला. ते नकली आता सकाळी घोडबंदर रोडवर बाईकला वापरतो, त्याला चालतं.

मी हे लिहीपर्यंत पैसे परत आलेले नाहीत, तक्रारीचा पोच नंबर आहे. ती साईट आता उघडत नाही. गेल्या आठवड्यात ग्रुपवर अजून एकाने लिंक टाकली, डोमेनचं नाव वेगळं, फोटो तेच, व्हॉट्सॲप नंबर तोच, तळाला जीएसटी नंबर पण तोच नळवाल्याचा. किंमत १,९९९. ठाणेकरने स्क्रीनशॉट काढून आपल्या जुन्या तक्रारीला जोडले आणि लिंक टाकणाऱ्याला फोन केला, त्याने ऑर्डर अजून दिली नव्हती.